अकरा मासोळ्या आणि एक मरळ

सन एकोणीसशे सदतीस. मी चोवीस वर्षांचा होतो. तिसरी इयत्ता अर्धी सोडलेली, तरी कुणी मला काही शिकवायला आलं की मला राग येत असे. अजूनही येतो.

आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर. घरात वडील, आई, मी आणि माझी बायको. त्या चैत्रात बायकोला सातवा महिना लागला. याआधीची दोन बाळं पोटातच गेली होती, दोन्ही आठव्या महिन्यात. म्हणून या खेपेला आईने नवस बोलला, की बाळंत होईपर्यंत सून रोज स्वतःच्या हाताने नदीच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालील. प्रकाशाच्या देवदर्शनाला येणारे लोक घालतात तशा. नवस बोलून आठ दिवस होतात न होतात तो सुईणीने सांगितलं, सुनेने आता घाटाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्याही नाहीत.

आई चुलीपुढे बसून रडायला लागली. नवस मोडला तर काय होईल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "ती नदीवर जात नही ना? मंग नदी घर येई."

"नदी काय गाय शे, दोरी बांधीसन आनाले?" वडील म्हणाले.

तेवढं मला पुरे झालं. आदल्या वर्षी कापसाच्या गाठींबरोबर आगगाडीने सुरतेला गेलो होतो. तिथे एका शेठच्या ओसरीवर काचेच्या पेटीत लाल मासे पाहिले होते. तशी पेटी आपण करायची असं मी ठरवलं. सरकी काढायच्या एका जुन्या जिनची इमारत पाडत होते, तिथून खिडकीची जाड काच आणली. तीन बाजूंना आणि तळाला पत्रा, पुढे काच, सांध्यांना राळ आणि डांबर, वर झाकायला बांबूची ताटी. अडीच हात लांब पेटी झाली. दोन दिवस गळत राहिली आणि गाव बघायला येऊन हसत राहिलं. तिसऱ्या दिवशी थांबली.

गावात मासे धरणाऱ्या एका भोयाशी माझी लहानपणापासून ओळख. त्याने बोटाएवढ्या, चांदीसारख्या अकरा मासोळ्या आणून दिल्या. त्या पेटीत सोडल्या तर शेजारचा म्हणतो, "हाई नदी का डबकं?" मी तसाच उठलो आणि भोयाकडे गेलो. म्हटलं, मोठा मासा दे.

त्याच्याकडे एक मरळ होता. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, काळपट, अंगावर चट्टे, डोकं सापासारखं चपटं. तो देताना भोई म्हणाला, "दादा, हाऊ कनिक खात नही बरं. हाऊ दुसरं खास."

मी म्हणालो, "आमना घरमा जो येस तो आमनं खास."

यात मला काही चूक वाटली नाही, हे आज खरंच सांगतो. वडील माळकरी. आमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. आमची मांजर दूधभाकरीवर वाढलेली, कुत्रा वरणाचं पाणी प्यायचा, आणि दोघं धष्टपुष्ट होते. माशाला वेगळा नियम का असावा?

मरळ पेटीत आला आणि घर बदललं. हा मासा दर थोड्या वेळाने वर येतो आणि तोंड बाहेर काढून वारा पितो. गुळुक करून आवाज होतो. तो आवाज ऐकून आई चुलीपासून उठून आली. "दखा वं माय, मानूससारखा दम लेस!" म्हणाली. तिने काचेला कुंकू लावलं आणि सुनेला सांगितलं, "हाऊ मन्हा नातू. आनि ह्या अकरा त्याना गडी."

तिथून माझी झोप गेली.

कारण मरळ कणकेला शिवत नव्हता. बायको सकाळी पेटीपुढे बसायची, मासोळ्यांना एकेक गोळी द्यायची आणि शेवटची मोठी गोळी मरळापुढे टाकायची. ती तळाला बसून विरघळून जायची. सहाव्या दिवशी पहाटे बैलांना वैरण टाकून आलो तर मरळ लाकडासारखा पडून होता. एक मासोळी त्याच्या तोंडासमोरून गेली, आणि मग ती नव्हतीच. पाणीसुद्धा हललं नाही. मोजल्या तर दहा.

मी काय करायला हवं होतं? मरळ काढून नदीत सोडायचा. पण आईने त्याला नातू म्हटलं होतं, आणि बायको त्याच्या दर गुळुकला पोटावर हात ठेवत होती. तो पेटीतून गेला तर तिच्या मनात काय येईल? आणि मासोळ्या कमी झाल्या तर? एक गेली, दोन गेल्या, मग तिसरं कोण?

तेव्हा मी लोटा घेतला आणि गोठ्याच्या मागच्या दाराने भोयाच्या घरी गेलो.

रोज पहाटे तेच. लोट्यात दोन-तीन मासोळ्या, वर ओलं फडकं. जुन्यांएवढ्याच लांबीच्या निवडायच्या, कुणी उठायच्या आत पेटीत सोडायच्या. दिवसभर शेतात माझं चित्त नसायचं. मरळाने आज किती खाल्ल्या? ती मोजायला बसली असेल का? उन्हाने डांबर मऊ झालं असेल का? एकदा नांगर सोडून दुपारी धावत घरी आलो, तर पेटी जागेवर, मासोळ्या अकरा, आणि आई विचारते, "काय व्हयनं रे? साप निंघना का?"

वैशाखात वडिलांनी मला ओसरीवर अडवलं.

"हात दखाड."

मी हात पुढे केले. त्यांनी वास घेतला आणि माळ हातात धरली.

"भोईना घर मासळी खास का तू?"

"नही."

"मंग हाऊ वास कसाना?"

खरं सांगितलं तर ते बायकोच्या कानावर जाईल. खोटं बोलायची मला सवय नाही. मी हात धोतराला पुसले. संध्याकाळपासून माझं ताट अंगणात वाढलं जाऊ लागलं, गोठ्याच्या भिंतीशी. मी तिथे जेवलो. एक घासही कमी खाल्ला नाही. पण बायकोला आठवा महिना लागला होता, ती ताट आणून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. ती काय शोधते ते मला कळत नव्हतं.

मग भोई व्याह्यांकडे लग्नाला गेला, नदीपलीकडे. तीन दिवसांनी येतो म्हणाला. पहिल्या दिवशी मी स्वतः धोतर खोचून नदीत उतरलो. मासोळ्या हाताने धरणं हे भोयाचंच काम, माझं नाही. एकही सापडली नाही. त्या दिवशी पेटीत नऊ राहिल्या. दुसऱ्या दिवशी आठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीच्या खांबाशी उभा होतो. बायको गोळ्या घालत होती. तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर मरळाने मासोळी घेतली. शेपटी क्षणभर त्याच्या ओठांत दिसली.

ती मागे सरकली नाही. हात पाण्यातच राहिला. मी धावलो, मला वाटलं ती पडते आहे.

"तुमले कव्हयनं माहीत शे?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"पयल्या आठवडापाईन."

"मासोळ्या बदली ऱ्हायनात हाई माले बी तव्हयपाईन माहीत शे."

मी म्हणालो, "कसं? मोजामा तर अकरा येत व्हत्यात."

"मोजामा येत. पन जुन्या मन्हा हातमाईन गोळी लेत. नव्या भ्यातस."

मी पेटीजवळ बसलो आणि तिने सगळं सांगितलं. महिनाभर ती रोज सकाळी बघत होती की काल ओळखीची असलेली मासोळी आज नाही. आणि तिला वाटत होतं, त्या आपोआप मरतात आणि मी मेलेल्या उचलून फेकतो. पेटीतल्या पाण्यातच मरण आहे आणि नवरा ते लपवतो आहे. तिने ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर खरं होईल असं तिला वाटे. मी तिला भीतीपासून वाचवत होतो म्हणे! तिला एकटीला भीतीत बसवून ठेवलं होतं मी.

"आते भ्या वाटस का तुले?" मी विचारलं.

तिने मरळाकडे पाहिलं. तो वर आला, गुळुक करून वारा प्यायला आणि खाली गेला.

"वाटस," ती म्हणाली. "पन तो भुक्या शे. भूक लागस म्हंजे जित्ता शे." मग माझ्याकडे वळली आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "पन नवस मन्हा हातना शे. त्याले तुम्ही कसाले चारतस?"

नदीच्या माशाला स्वतःच्या हाताने खाऊ घालायचं, एवढंच तर आईने बोललं होतं. ज्याला आई नातू म्हणत होती, त्यालाच सुनेच्या हातचं काही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, मी भोयाच्या घरी गेलो. तो रात्रीच परतला होता. लोट्यात चार मासोळ्या घेतल्या, वर फडकं टाकलं नाही आणि पुढच्या दाराने घरात शिरलो. वडील ओसरीवर माळ घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर लोटा तिरपा करून धरला.

"आबा, मी खात नही. तो खास."

त्यांनी लोट्यात पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पेटीपुढे बसलेल्या सुनेकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, जप चालू होता की काय कोण जाणे. मग त्यांनी पाय आखडून घेतले आणि मला वाट दिली.

मी लोटा बायकोच्या हातात दिला आणि पेटीवरची ताटी उचलून धरली.