हळदीच्या दिवसांतली कावीळ

“अक्यूट व्हायरल हिपॅटायटीस,” नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं. म्हणजे विषाणूमुळे लिव्हरला, आपल्या यकृताला, अचानक आलेली सूज. मग त्यांनी ह्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि जरा रागानेच विचारलं, “इतका पिवळा माणूस घरात फिरत होता, कुणाला दिसला नाही?”

नाही दिसला. आमचं गाव कुरुंदा. हळद शिजवून, वाळवून पॉलिशला, म्हणजे ड्रमात घासून चकाकी आणायला, लागली की सगळं घरच पिवळं होतं. हात, मान, उशीचे अभ्रे, चहाच्या कपाचे कान. ह्यांना मळमळत होतं, भूक मेली होती. मी सासूबाईंना म्हटलंही, हे जास्तच पिवळे दिसतात. त्या म्हणाल्या, “या दिवसांत पिवळं कोन न्हाई? आंगोळ कर म्हनावं बराबर.” मलाही ते पटलं. बोलता बोलता हे भलतंच बरळायला लागले, तेव्हा गाडी काढली.

पीटी-आयएनआर नावाची तपासणी रोज व्हायची. रक्त गोठवणारे पदार्थ लिव्हर बनवतं. ते थकलं की रक्त उशिरा गोठतं आणि हा आकडा चढतो. ह्यांचा चढतच होता. डॉक्टर म्हणाले, असाच चढला तर मोठ्या शहरात नेऊन ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल. माझा रक्तगट जुळत होता. मी म्हटलं, माझा घ्या. बोलून गेले आणि लगेच विचारलं, मग माझं काय होईल?

“घाबरू नका ताई. दिलात तर तुमचं उरलेलं लिव्हर वाढून भरपाई करतं,” डॉक्टर म्हणाले. “मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, पाठीला कणा असलेल्या सगळ्या मोठ्या गटांत ही ताकद सापडते. पालीला शेपूट परत येतं, आपल्याला बोट येत नाही. ते उत्क्रांतीत आपल्या वाटेवर कुठेतरी सुटलं. लिव्हरचं मात्र सुटलं नाही.”

“काहून बरं?” सासूबाईंनी विचारलं. दवाखान्यात आल्यापासून त्या माझ्या शेजारीच होत्या.

“खाल्लेलं आतड्यातून आधी तिथंच जातं, मावशी. त्यातलं विषही पहिलं त्याच्याच अंगावर. ज्या जनावराचं लिव्हर भरून येत नव्हतं, ते एखाद्या विषारी पाल्यानं गेलं असेल. ज्याचं भरलं, त्याची पिल्लं जगली. असा अंदाज आहे, ठामपणे कुणी सांगू शकत नाही.”

“मंग माह्या पोराचं बी भरंल?”

“ताकद त्याच्यातही आहे. तिला वेळ मिळतो का, एवढंच बघायचं.”

आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. सासूबाई पदराने हाताची हळद पुसत होत्या. ती कधीच निघून गेली होती, तरी पुसत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी आकडा थांबला. त्याच्या पुढच्या दिवशी उतरला. डॉक्टर हसले तेव्हा मला एकदम रडू फुटलं. हे पडल्या पडल्या म्हणाले, “काहून रडून राहिलीस? ज्वारीची भाकर आन.” भाकर मिळाली नाही, पेज मिळाली. ती त्यांनी तोंड वाकडं करून सगळी संपवली. माझा तुकडा माझ्याजवळच राहिला.

तुमच्या घरी हळद असेल तर एवढं लक्षात ठेवा. हळद हाताला लागते, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही, तर आंघोळीला नको, दवाखान्यात पाठवा.

यंदा पुन्हा पॉलिश झाली. संध्याकाळी सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांना नळाशी उभं केलं आणि एकेकाची पापणी ओढून पाहिली. हे तोंड धुऊन आपणहून माझ्यासमोर आले आणि डोळे मोठ्ठे केले. कान पिवळे, मिशा पिवळ्या, डोळे पांढरेशुभ्र.

“पाह्यलं का? जाऊ आता?” ते म्हणाले.

“थांबा जरा,” मी म्हटलं, आणि पाहतच राहिले.