शिरोरेषेखालची विहीर

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या आत्याचा पाडा बारवी धरणात बुडाला. तिच्यासाठी मी मोबाईलवर एक चित्रकविता केली. स्क्रीनभर एकच लांब शिरोरेषा, म्हणजे धरणाचं पाणी. तिच्याखाली घर, खळं, चिंच, विहीर हे शब्द, जी गोष्ट जिथे होती तिथेच. आत्या शेजारी बसून सांगत होती, "विहीर आजून डावीकडं घे गो, चिंचेच्या मागं."

आज आमच्या अंबरनाथच्या साहित्य ग्रुपच्या ऑनलाइन अंकात ती कविता आली. रेषा गायब! सगळे शब्द एकाखाली एक, मधोमध. वर गुलाबाचं फूल!

संपादकांना फोन लावला. म्हणाले, "मॅडम, शब्द विस्कटले होते, मी नीट लावून दिले. थँक्यू तरी म्हणा!"

थँक्यू? अहो, शब्दांच्या जागा हीच तर कविता होती! हात लावायच्या आधी एक फोन करायला काय झालं होतं?

फोन ठेवला, तर बदलापूरहून आत्याचा फोन. सुनेने तिला अंक दाखवला होता.

"माझी विहीर कुठं गेली गो?"

पहिल्यांदा धरणाने नेली. या वेळी कुणी नेली म्हणून सांगू तिला?