मोहाला बांधलेला पट्टा

"पट्टा झाला म्हनते त्याहीचा झाडाले. आता काहाले जावाचं तिथी?"

कुंपणापलीकडच्या पायवाटेवरून दोघीजणी चालल्या होत्या. एक आमच्या मोहाखाली फुलं वेचायला येणाऱ्या बाई, दुसरी त्यांची सोबतीण. मी मागच्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. माझी चाहूल लागताच बोलणं थांबलं आणि रिकाम्या टोपल्या पुढं निघून गेल्या. मला वाटलं, माणसं काही लपवायचं असलं की अशीच गप्प होतात.

हे गेल्या चैत्रातलं. आज सकाळी मागचं दार उघडलं आणि मोहाचा तोच आंबूस गोड, किंचित डोकं जड करणारा वास आत आला, म्हणून सगळं पुन्हा डोळ्यांपुढं उभं राहिलं.

राजुऱ्याच्या कडेला आमचं घर आहे. दोरीवरच्या कपड्यांवर खाणींच्या कोळशाची बारीक पूड बसते आणि परसातून उतरणारी पायवाट नाल्याकडून थेट जंगलात शिरते. परसाच्या कोपऱ्यात मोहाचं जुनं झाड आहे. आम्ही हा प्लॉट घेण्याच्या कितीतरी आधीपासून ते रस्त्यापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, या बाईंच्या घराच्या वाट्याचं होतं. त्यांच्याकडे कुठलं झाड कुणी वेचायचं हे ठरलेलं असतं, त्याचा कागद नसतो. बाबांनी तारेचं कुंपण घातलं तेव्हा बाईंसाठी तेवढी एक फट ठेवली. त्यावर कधी कुणी काही बोललं नाही, आणि मला तर माणसांशी बोलणं टाळायची सवयच होती. मला बुलबुल बरे वाटायचे, टाकीच्या नळावर मान खाली करून पाणी पिणारी खार बरी वाटायची. त्यांचे फोटो काढताना काही विचारावं लागत नाही की सांगावं लागत नाही.

पडलेली फुलं खायला पहाटे एक उदमांजर यायचं. काळसर, लांब शेपटीचं, स्वतःच्या सावलीलाही बिचकणारं. त्याच्यासाठी मी आपोआप फोटो काढणारा छोटा कॅमेरा आणला आणि मोहाच्या बुंध्याला बांधला. कुणी चोरून नेईल या भीतीनं तो सालीच्या तुकड्यांनी झाकला. बाहेर दिसत होता तो फक्त हिरवा पट्टा.

नंतर तीन दिवस उदमांजर आलं नाही. कॅमेऱ्यात मिळाल्या त्या बाई. एका फोटोत त्या टोपली खाली ठेवतात. दुसऱ्यात पट्ट्यावरून बोट फिरवतात. तिसऱ्यात पाठमोऱ्या आहेत, टोपली रिकामी. एक फूलही न उचलता कुणी परत जाईल का? मी ते फोटो मोठे करकरून पाहिले. पदराखाली काही दिसतं का, नजर कुठं वळली आहे. घाणेरीच्या झुडपात तारेचं एक वेटोळं सापडलं तेव्हा माझी खात्रीच पटली. हा फास. उदमांजर गेलं ते यातच.

आईला ते वेटोळं दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिनं एकदाच पाहिलं.

"अवं, हे आपल्या वाळवनाची तार हाय. मीच फेकली तिकडं."

"मग त्या येत का नाहीत आता?"

"तुलेच तर इचारलं होतं त्याहीनं, हे काय बांधलं म्हून. तू काय बोलली?"

मी आठवू लागले. कॅमेरा बांधला त्या सकाळी बाईंनी फटीतून विचारलं होतं, "काय बांधलं वं पोरी झाडाले?" कॅमेऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून इंग्रजी शाळेत जपून शिकलेल्या मराठीत मी म्हटलं होतं, "पट्टा आहे. आमचा." आणि घरात निघून आले होते.

आईचा हात परातीत थांबला. "तुले पट्टा म्हनजे बेल्टच ठाऊक. त्याहीच्या टोल्यावर पट्टा म्हनजे सरकारी कागद. जागा कोनाची, ते लिहिलेला. त्यासाठी लोकं चपला झिजवून राह्यले. अन् तू म्हनते पट्टा आमचा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता नाल्यापल्याड जाते म्हने ते वेचाले. परवा तिथी वाघाचे पाय उमटले होते."

मोह वेचणारी बाई ओणवी असते. ओणवं माणूस वाघाला दुरून माणसासारखं दिसत नाही, हे इथं लहान मुलालाही माहीत आहे. मी माझ्या पायरीवर बसून एका उदमांजराची काळजी करत होते, आणि माझ्या एका शब्दानं एक बाई पहाटेच्या अंधारात नाल्यापल्याड वाकत होती. ज्या फोटोंत मी चोर शोधत होते, त्यांत आता मला एक म्हातारं बोट दिसलं. आपल्या घराच्या झाडावर दुसऱ्याचा पट्टा चाचपून पाहणारं.

कॅमेरा मी तेव्हाच सोडला. आता तो टाकीच्या खांबावर असतो. उदमांजर टाकीमागच्या सांदीतच राहायला आलं होतं, हे त्या कॅमेऱ्यानंच पुढं दाखवलं. यंदाच्या एका फोटोत त्याच्या शेपटीमागं टोपलीचा काठ आला आहे. तो फोटो मी कापून नीट केलेला नाही. माझा संशयी स्वभाव मात्र गेला असं म्हणवत नाही. अजूनही कुणी बोलता बोलता थांबलं की माझे कान टवकारतात, फक्त आधी आठवून बघते, आपण काय बोललो होतो.

झाडावरून पट्टा काढला म्हणून तोंडून गेलेला पट्टा निघत नव्हता. कॅमेरा सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी फटीपाशी जाऊन उभी राहिले. पायवाटेवर दोघी दिसल्या, नाल्याच्या दिशेनं चाललेल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. घरात आई बोलते ती भाषा मी बाहेर कधी बोलले नव्हते. त्या पुढं गेल्या तेव्हा कुठं माझा आवाज फुटला.

"बाई, थांबा. तो पट्टा नाई, कॅमेऱ्याचा बेल्ट होता. झाड तुमचंच हाय."