घड्याळाला वाहिलेलं कुंकू

घड्याळाचं चार्जिंग दुपारच्या जेवणापर्यंतच टिकायला लागलं तेव्हा मी आधी घाबरलो. मग घाबरायचंही थांबलं. घडीघडी मनगट बघायची सवय तेवढी राहिली.

मी नागपूरजवळ कोराडीला वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार आहे. घर आजऱ्याकडं, कोल्हापूरच्याही पुढं. आठवीत शाळा सुटली आणि कामामागनं इतका लांब आलो. पट्टा चालू असला की शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. खिशातला फोन थरथरतो तेही कळत नाही, कारण पायाखालची जाळीच थरथरत असते. वडील गेले त्या दिवशी घरून किती फोन आले, ते मला पाळी सुटल्यावर दिसलं. त्यानंतर ताईनं शिलाईच्या पैशातनं हे घड्याळ पाठवलं. फोन आला की मनगटावर गुरगुरतं. आई आता थकली आहे. म्हणून ते चालू राहायला पाहिजे, एवढंच.

वॉरंटी संपत आली होती. मुकादमांनी अर्धा दिवस सोडलं. "जा गा, सदरले जाऊन ये. तुया जीव त्या घड्याळातच अडकून राह्यला."

नागपुरात सदरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ उलटं केलं.

"दादा, हे मागं लाल लाल काय हाये? गंज चढला का? पाणी गेलं काय आत?"

"कुंकू आहे," मी म्हणालो.

"काय?"

आमच्याकडं खंडेनवमीला विळा, कुदळ, हातातलं जे जे साधन ते पाटावर मांडून पुजतात. खोलीवर मी हेल्मेट, पाना आणि घड्याळ मांडलं होतं. काच खराब होऊ नये म्हणून घड्याळ पालथं ठेवलं, पाठीवर हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. चार्जिंगचे ठिपके नेमके पाठीवरच असतात, हे डोक्यातच आलं नाही.

मुलीनं आतल्या कारागिराला हाक मारली. "इकडे या ना! दादानं घड्याळाची पूजा केली."

"काहून गा दादा, नारळबी फोडला का?" तो म्हणाला.

"फोडला. हेल्मेटापुढं."

दोघं हसले. मीही हसलो असेन. मग तो म्हणाला, "पण आत ओल निघाली तर वॉरंटी गेली समजा. बॅटरीचा खर्च तुमचा. खोलून पाहू?"

"पाहा."

मी बाकावर बसलो. समोरच्या टीव्हीवर माणसं घड्याळं घालून डोंगर चढत होती. पैसे लागले तर कुठनं आणायचे, याचा विचार करायला हवा होता, पण डोक्यात काही येईना. हात तेवढा हलका लागत होता.

तो बाहेर आला. "आत कोरडं हाये. कुंकू वरच राह्यलं, पुसून टाकलं. बॅटरीच थकली. वॉरंटीत बदलून भेटन, पण यायले आठवडाभर लागन."

मी दोघांपुढं हात जोडले.

"अरे दादा, आम्हाले काहून? कंपनी देऊन राह्यली," मुलगी म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी घड्याळाले लांबूनच नमस्कार करा."

आठवडाभर काय करायचं, तेही मुकादमांनीच सोडवलं. "माया नंबर देऊन ठेव घरी. केबिनमधी मले ऐकू येते." मी आईला नंबर सांगितला. पुढं रोज पाळी सुटताना ते केबिनच्या दारातनं सांगायचे, "तुयी माय बरी हाये. मी जेवलो का म्हणून विचारते गा, तुयं नावच घेत नाही!" त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही.

घड्याळ परत आलं. पहिल्या दिवशी दिवसभर हाताला बांधून पट्ट्यावर उभा होतो. एकदाही गुरगुरलं नाही. सुटताना बघितलं, बॅटरी अर्ध्याहून जास्त उरली होती. आईनं आज फोनच केला नाही, काय झालं असेल, म्हणून धावत केबिनशी गेलो.

"आला ना, दुपारी," मुकादम म्हणाले. "मी म्हटलं, माय, त्याचं घड्याळ आलं आता, तिकडे लाव. तर म्हणते, राहू द्या, तुम्ही लगेच उचलता."

मी बरं म्हणालो. घड्याळ काढलं नाही. उद्याही घालून येईन.