गुपचूप गणपतीला

गणपती जवळ आले की आमच्या बिल्डिंगीतले कोकणातले सगळे लोक गावाला पळतात आणि मजलेच्या मजले बंद होतात. ही गोष्ट आम्हाला जशी ठाऊक आहे तशी चोरांनाही ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत शेजारच्या बिल्डिंगमधलं एक बंद घर फुटलं. घर फुटलं त्यांचं आणि झोप उडाली माझ्या नवऱ्याची.

गेल्या वर्षी त्याने जाहीर केलं की घर सोडून कोणीही हलायचं नाही. मग रत्नागिरीकडच्या आमच्या घरची आरती आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, व्हिडिओ कॉलवर बघितली. दिराने फोन गणपतीसमोर धरला होता, पण नेटची अशी बोंब की देव मधेच थिजायचा आणि टाळ्या मागाहून यायच्या. आई मोबाईलपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून गणपतीला तिथे नसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. कॉल संपल्यावर त्यांनी बंद मोबाईललाच नमस्कार केला, आणि माझा संताप झाला तो त्यामुळे.

यंदा श्रावण लागायच्या आधीच आईंनी सांगून टाकलं, "मी जाणार. मेल्यावर नाही, आत्ता जाणार." पण गुडघे असे की बसची पायरीही एकटीने चढता येत नाही. म्हणजे सगळं येऊन अडलं नवऱ्यावर, आणि नवरा अडला होता दारापाशी. त्याने दाराला भिंग बसवलं, कॅमेरा बसवला, ग्रिलला आणखी एक ग्रिल लावली. माझ्या माहेरच्या माणसांनाही तो आधी भिंगातून बघून घ्यायचा.

अशात सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं की रविवारी संध्याकाळी पोलीस येणार, घराच्या सुरक्षेबद्दल बोलणार. मी आईंना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. म्हटलं, घर बंद करून जाता येतं हे पोलिसांच्याच तोंडून एकदा नवऱ्याच्या कानावर पडू दे. आईंच्या शेजारी आमच्या समोरच्या दारातल्या मासी बसल्या.

मासी गुजराती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुरतेला, त्यामुळे घरात एकट्याच. त्यांच्या दाराबाहेर मासांच्या तपकिरी चामडी चपला अजून तशाच असतात, पॉलिश केलेल्या. मासा म्हणजे त्यांचे यजमान. लिफ्टची वाट बघताना आईंची नजर त्या चपलांवर पडली की हमखास उसासा निघायचा. "बघ गं, केवढी माया," असं मला रोज ऐकायला लागायचं. मला त्यातून 'तू काय करतेस नवऱ्यासाठी' असा टोमणा ऐकू यायचा तो वेगळाच. कधी त्या चपलांची तोंडं दाराकडे असत, कधी जिन्याकडे. झाडूवाली हलवत असेल, असं मी धरून चालले होते.

बीटवरच्या पोलीस मॅडम आल्या. भाईंदरच्या जुन्या गावठाणात वाढलेल्या, हे नंतर कळलं. हातात कागद होता तोवर त्या 'नागरिकांनी सतर्क राहावे' असं छापील बोलत होत्या आणि मागच्या रांगेत गप्पा चालल्या होत्या. मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"बॅग भरली का स्टेटस, बसमध्ये बसले का स्टेटस. चोराला आनखी वेगलं आमंत्रण लागतं काय?"

गप्पा थांबल्या. पुष्कळांनी खाली मान घालून मोबाईल उलटे ठेवले.

नवरा याच क्षणाची वाट बघत होता. केबिन रोडच्या बाजारातून त्याने सोललेल्या नारळाएवढं कुलूप आणलं होतं, ते पिशवीतून काढून त्याने मॅडमना दाखवलं. मॅडमनी हातावर तोलून बघितलं.

"दादा, कुलूप मस्त हाय. पन दाराला बाहेरून लटकवला का जिन्यातूनच समजतं, घरात कोन न्हाय."

लोक हसले. मी जरा जास्तच हसले. मॅडमनी समजावून सांगितलं की बाहेरून दिसणार नाही असं लॅच लावा, दूध-पेपर बंद करा, दोरीवर कपडे असू द्या, सोनं बँकेत ठेवा, आणि जाताना आम्हाला कळवा. "आमी राउंड मारतोच. पन आमी येऊन जानार. शेजारी तिथंच असतो. त्याच्याशी बोलत जा जरा." मग त्या म्हणाल्या, एकट्या बाईने दाराबाहेर पुरुषमाणसाच्या चपला ठेवाव्यात, बघणाऱ्याला वाटतं घरात कोणीतरी आहे.

मासींनी हात वर केला. "मैं तो कब से रखती हूँ. ए तो चोर माटे छे! सुबह बाहर का मुंह, शाम को अंदर का. आदमी आता-जाता दिखना चाहिए ना."

मॅडमनी टाळी वाजवली. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरी येताना लिफ्टमध्ये त्या माझ्या कानाशी लागल्या, "चोरासाठी? आणि मी इतकी वर्षं हळहळतेय!"

वर आल्यावर मासी आपल्या दाराशी थांबल्या आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "चावी दे. आई को लेके जा. मी आहे ना इथे." दोरीवरचे कपडे, संध्याकाळचा दिवा, सगळं बघेन म्हणाल्या. नवऱ्याने आईंकडे बघितलं. आईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही, त्या मासींच्या हाताकडे बघत होत्या. मग हो म्हणाला बिचारा. अट एकच, कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आता दूध बंद करायचं तर दूधवाल्याला सांगायला लागतं. पेपर बंद करायचा तर पेपरवाल्याला. बीटवर कळवायचं, वॉचमनला सांगायचं, कामवालीला सुट्टी द्यायची. मखराचं सामान घेताना आईंनी फुलवालीला सांगितलं, आणि काशीगावहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईला तर बस किती वाजताची तेही सांगितलं. गुपित पाळायला उरलो फक्त आम्ही तिघं.

निघायच्या सकाळी नवऱ्याने आम्हाला बॅगा उचलून न्यायला लावल्या. चाकांचा आवाज नको. लिफ्टमध्ये बोलायचं नाही. आम्हीच घर फोडून निघालोय असं कोणालाही वाटलं असतं. गेटपर्यंत सगळं सुरळीत झालं. गेटबाहेर पाऊल टाकलं आणि आई थांबल्या. घरातून गणपतीला निघायचं आणि मुकाट्याने निघायचं, हे काही त्यांच्याने होईना. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला.

"गणपती बाप्पाऽऽऽ"

नवऱ्याने डोळे मिटले. वरच्या खिडक्यांमधून, दूधवाल्याच्या सायकलीवरून, वॉचमनच्या केबिनमधून एकदम "मोरया" आलं. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "आप बिंदास जाओ, हम हैं!" मी इतकी हसले की बॅग हातातून सुटली.

गावाला मोबाईलवर घरचा कॅमेरा लागेचना. नवरा मोबाईल वर धरून आधी अंगणात, मग विहिरीपाशी, मग थेट मागच्या टेकाडावर. शेवटी मासींचा फोन यायचा, "सब ठीक," आणि तो खाली उतरून जेवायला बसायचा. आई आरतीला सगळ्यांच्या पुढे. गुडघे धरून उभ्या होत्या, पण आवाज असा लागला होता की पोरं टाळ विसरून त्यांच्याकडे बघत होती. मला फार बरं वाटलं. नवऱ्यालाही वाटलं, कारण गौरी जायच्या आधीच त्याने टेकाड सोडून दिलं.

परत आलो तेव्हा दुपार होती. लिफ्टचं दार उघडलं आणि आमच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या. नवरा जागच्या जागी गार. मग मी नीट बघितलं. तपकिरी चामडी, पॉलिश केलेल्या.

समोर मासींच्या दारापुढची जागा मोकळी होती. फरशीवर दोन फिकट डाग तेवढे उरले होते, इतक्या वर्षांच्या सवयीचे.

मासींनी दार उघडलं, चावी दिली. नवरा कसाबसा म्हणाला, "मासी, पण मग तुमच्या दाराला?"

"मी तर घरात होती ना. तुमच्या घरात कोण होतं?" मग हसून म्हणाल्या, "थोडा डर लगा. रात को दरवाजे को खुर्ची लगाके सोयी."

भिंग, कॅमेरा, दोन ग्रिली, नारळाएवढं कुलूप, एवढं सगळं आमच्याकडे होतं. मासींकडे जे काही होतं ते त्यांनी उचलून आमच्या दारात ठेवलं होतं.

आईंनी पिशवी माझ्याकडे दिली. गुडघ्यावर हात टेकत त्या वाकल्या, चपला उचलल्या, पदराने पुसल्या आणि मासींच्या दाराशी नेऊन ठेवल्या, तोंडं आतल्या बाजूला करून.

"यजमान आले हो घरी," त्या म्हणाल्या.

मासींनी चपलांकडे बघितलं. खाली बसून उजवी जरा सरळ केली, आणि बराच वेळ तिच्यावरून हात काढला नाही.

"चोर माटे," त्या म्हणाल्या. विचारलं कोणीच नव्हतं.