हेडफोन लावूनच वाजव

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला तर तो जरा जास्तच असायचा. मी पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये खोक्यांवरची लेबलं छापायचं काम करत होते. सीझनमध्ये दिवसभर कोल्ड स्टोरेजच्या पंख्यांची घरघर, टेम्पोवाल्यांची आरडाओरड, प्रिंटरची कटकट. संध्याकाळी एसटीत उभ्याने नाशिक गाठायचं आणि मग बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. मला तिथून सुटायचं होतं आणि त्यासाठी घरात दोन-तीन तास शांतता हवी होती. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

पण घरात होता धाकटा भाऊ. नुकताच अकरावीला गेलेला. मित्राकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता. आवाज मोठा करणारा ॲम्प कुठला असायला? टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात वायर खुपसायचा आणि सुरू. ते टेपडं आधीच म्हातारं झालेलं, त्यात गिटार घातली की घरात कुणीतरी पत्रा ओढत नेतंय असं वाटायचं. दोन खोल्यांचं घर. मी जाणार कुठे?

एके दिवशी डोकंच फिरलं माझं. मी वायर उपटली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "बंद कर ती कटकट! मी घरात असताना हा आवाज मला पुन्हा ऐकू आला तर फेकून देईन हिला बाहेर!"

त्याने गिटार कपाटावर ठेवून दिली. आठ दिवस हात लावला नाही. आई मात्र माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, पण तोंड दुसरीकडे. शेवटी म्हणाली, "अगं, एक पोरगं आहे, चांगल्या नादाला लागलंय. तुला काय त्याचं एवढं?"

मग मीच रविवारी मेन रोडजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कौतुकाने एक काळा डबा समोर ठेवला. डिजिटल ॲम्प होता, शिकणाऱ्यांसाठीचा. वरचं बटण फिरवलं की आत वेगळाच ॲम्प बसल्यासारखा आवाज बदलायचा. "मॅडम, मोठमोठ्या बारा ॲम्पची नक्कल आहे या एका डब्यात," तो म्हणाला. मी एकच प्रश्न विचारला, "हेडफोन लागतो का याला?"

"लागतो ना! लावला की स्पीकर बंद. वाजवणाऱ्याशिवाय कुणाला कळणारसुद्धा नाही."

बस्स. मी ॲम्प आणि हेडफोन दोन्ही घेतले. भाऊ हरखून गेला. आईने शेजारणीला बोलावून दाखवला. "बहीण असावी तर अशी हो," शेजारीण म्हणाली. मी नुसती हसले. मी शांतता विकत आणली होती, हे माझं मला माहीत होतं. भावाला एवढंच बजावलं, "हेडफोन लावूनच वाजव हं. तसं ठरलंय आपलं."

त्याने ते अक्षरशः पाळलं. तीन वर्षं. कॉलेजातून आला की कोपऱ्यात पलंगावर बसायचा, हेडफोन चढवायचा, आणि आम्हाला ऐकू यायची ती नुसती तारांवरची टिकटिक. मी परीक्षा पास झाले, सिन्नरच्या शाखेत लागले. अभ्यास संपला, तरी "आता काढ रे तो हेडफोन" असं म्हणायचं काही मला सुचलं नाही. शांततेची चटक लागते माणसाला. मला लागली होती.

त्याला जेवायला बोलवायचं तर आई दिवा दोनदा चालू-बंद करायची. त्याचं आम्हाला हसू यायचं. पुढे पुढे हेडफोन काढलेला असला तरी दोन-दोन हाका माराव्या लागायच्या. "कुठल्या तंद्रीत असतोस रे?" मी खेकसायचे. एकदा म्हणाला, "ताई, कानात सारखी बारीक शिट्टी वाजते गं." मी वेणी घालत होते. "झोप पुरी कर, मग नाही वाजणार," म्हटलं. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही.

मग कॉलेजचं गॅदरिंग आलं. पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार होता. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. आई आणि मी चौथ्या रांगेत. तो ॲम्प खुर्चीवर, त्याच्यापुढे माइक. तो आमच्याकडे बघून हसला आणि त्याने पहिली तार छेडली.

अगं आई गं! दातांतून कळ गेली. सुईसारखा आवाज होता तो, कानात घुसणारा. पुढच्या रांगेतल्या मुलींनी कानांत बोटं घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मारतोस काय!" साउंडवाल्याने धावत जाऊन त्याचा आवाज पार खाली आणला. आणि हा? डोळे मिटून रंगून वाजवत होता. बोटं अशी सफाईने पळत होती की बघत राहावं. पण ऐकवत नव्हतं. लोक हसत होते आणि माझा भाऊ खूश होता.

खाली आला तेव्हा घामाने भिजला होता. "कसं झालं?" मला विचारलं. मी म्हटलं, "जरा टोचत होतं रे." "टोचत? काय टोचत होतं?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हेडफोन डोक्याला लावला आणि म्हटलं, वाजव. एकच सूर वाजवला असेल त्याने, मी हेडफोन हिसडून काढला. ॲम्पकडे बघितलं तर ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, व्हॉल्यूम पाऊणच्या पुढे. "पहिल्यापासून इथेच असतं का हे?" मी विचारलं. "नाही, आधी मध्यावर असायचं. मग आवाज बोथट वाटायला लागला, म्हणून वाढवत गेलो."

तीन वर्षं हा थोडं थोडं बटण फिरवत होता आणि घरात कुणाला कळलं नाही. कळणार कसं? आवाज बाहेर येऊच द्यायचा नाही, असा हुकूम मीच सोडला होता.

कानाच्या डॉक्टरांकडे त्याला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेर, मशीनजवळ. आवाज सोडला की मशीनवर बारीक दिवा लागायचा. सुरुवातीला दिवा आणि बोट, दिवा आणि बोट. मग दिवा लागला, बोट नाही. पुन्हा दिवा, बोट नाही. तो शहाण्यासारखा समोर बघत वाट पाहत होता. मला काच फोडून आत जावंसं वाटलं.

बारीक, वरचे आवाज दोन्ही कानांतून गेले होते. गेले ते परत येत नाहीत, उरलेलं सांभाळा, हेडफोन पुन्हा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "हे सगळं घरच्या घरीच वाजवायचास?" त्यांनी विचारलं. "हो ना," भाऊ कौतुकाने म्हणाला, "ताईने पहिल्या नोकरीत असताना ॲम्प घेऊन दिला मला." मी खाली बघितलं. मी तो का घेतला, हे त्यांनाही सांगितलं नाही आणि त्यालाही नाही. आजतागायत नाही. लाज वाटते.

दोन महिने त्याने गिटार काढली नाही. मग एका रविवारी सकाळी तो ॲम्प घेऊन स्वयंपाकघरात आला, माझ्यासमोर पाटावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, मित्रांबरोबर वाजवायचंय. लोकांना चांगला लागेल असा आवाज लावून दे. मला नाही कळत."

मी पोळ्या सोडून खाली बसले. तो वाजवत होता, मी ट्रेबलचं बटण मागे मागे आणत होते. टोचणं गेलं, चिरका सूर गेला आणि एका जागी आवाज गोड झाला. इतकं सुरेख वाजवत होता पोरगा! तीन वर्षं आमच्याच घरात वाजवत होता आणि मी आज ऐकत होते.

"इथे," मी म्हटलं. "अगदी छान आहे इथे."

त्याने वाजवून बघितलं. मान वाकवून कान स्पीकरपाशी नेला, परत वाजवलं. त्याचा चेहरा पडला.

"मला गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतंय."

"मग थोडा वाढवू या ना रे, तुझ्यापुरता." मी घाईघाईने बटणाला हात घातला. त्याने माझा हात धरला.

"नको. तुला छान लागतंय ना? मग राहू दे. ऐकायचं तर तुम्हालाच आहे."