गोजराबाईंची बियांवरची रांग

माझ्या सासूबाई, गोजराबाई, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिली दोन वर्षं त्यांचं माझं अजिबात पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरात वाढलेली, बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली. १९९३ साली लग्न होऊन आले ती मखमलाबादच्या पुढच्या मळ्यात. तिथे उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायला विषय एकच, द्राक्ष. आणि माझ्या डिग्रीचा उपयोग काय, तर "बॉटनीवाली बाई, चहा टाक जरा."

आमच्या विहिरीजवळ पांगाऱ्याच्या झाडावर एक जुना वेल चढलेला होता. जातीचं नाव कुणालाच धड माहीत नव्हतं. घरात सगळे त्याला 'पांगाऱ्यावरचं' म्हणत. मण्यात टपोऱ्या बिया, पण चव मात्र आधी जिभेला चटका देणारी आंबट, मग मागून गोड. आमच्या बागेतल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाला ती चव नव्हती. थॉमसन नुसतंच गोड.

एकदा माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याने जाता जाता त्यातला एक मणी तोंडात टाकला, बिया अंगणात थुंकल्या आणि म्हणाला, "मावशी, हे शेळीला घाला." सगळे हसले. माझा नवरा अमोलही हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"हीच चव, अन् बी नाय," त्या म्हणाल्या. "असं द्राक्ष करून दावते."

संध्याकाळी चुलीपाशी मला म्हणाल्या, "तू झाडांची पुस्तकं वाचली ना? सांग मंग, कसं करायचं?" या घरात मला कुणी चहाखेरीज काही विचारण्याची ती पहिली वेळ. मी त्याच क्षणी त्यांच्या बाजूची झाले.

मी सांगितलं की ज्याला बी धरत नाही तो वेल आई होऊ शकत नाही, पण बाप होऊ शकतो. म्हणजे आई पांगाऱ्यावरची, बाप थॉमसन. फुलं उमलायच्या आधी आईच्या फुलातले पुंकेसर काढून टाकायचे, घडाला कागदी पिशवी बांधायची आणि वेळ साधून थॉमसनचा पराग ब्रशने लावायचा. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे लगीन आपुन लावायचं, पळून जाऊ द्यायचं नाय." फूल मोहरीएवढं. काटा काढायच्या चिमट्याने त्या शिडीवर उभ्या राहून एकेक फूल उघडत आणि मी खाली पिशव्या धरून. बटर पेपरच्या पिशव्या मिठाईच्या दुकानातून आणलेल्या.

फळ पिकल्यावर बिया काढल्या. त्या रुजायला आधी थंडी लागते, म्हणून ओल्या वाळूत घालून माझ्या माहेराहून आलेल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. अमोल पाण्याची बाटली काढायला गेला आणि त्याच्या हाती वाळूचा डबा आला. घरात मोठं भांडण झालं. दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नाही.

पावसाळ्यात विहिरीपासून बांधापर्यंत रोपांची रांग उभी राहिली. गावात हसं झालं. द्राक्ष काडी लावून करतात, बी पेरून कोण करतं? एकाच घडाच्या बिया, तरी प्रत्येक रोपाचं पान वेगळं, जशी सख्ख्या भावंडांची तोंडं. लोक यायचे, बघायचे, नाक मुरडून जायचे. सासूबाई त्यांना चहासुद्धा विचारत नसत.

आणि इथे आम्ही चुकलो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल पार बुडाशी आणायचा म्हणजे नव्या काड्या येतात, मग ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग घड. न खरडलेला वेल दिसला की इथल्या माणसाला दाढी न करता बोहल्यावर चढलेला नवरदेव पाहिल्यासारखं वाटतं. सासूबाईंनी आपली रांग मजुरांच्या हाती दिली नाही, स्वतः खरडली, दरवर्षी, लेकराचे केस कापावेत तशा मायेने. रांगेला फूल काही येईना. अमोल म्हणाला, "आई, वांझ हायेत ती. थॉमसनचं कलम बांधायला डॉगरिजच्या खुंटाची रोपं सांगितलीत मी. येत्या एप्रिलला रांग काढायची."

त्याच हिवाळ्यात त्या विहिरीवर गेल्या आणि वर बघतच राहिल्या. पांगाऱ्याच्या शेंड्याशी कोवळे घड लटकत होते, पण पान जुन्या वेलाचं नव्हतं. काडी हाताने चाचपत खाली आल्या. ती त्यांच्याच रांगेतल्या, विहिरीकडच्या टोकाच्या रोपाची होती. एक फांदी जुन्या वेलाच्या गुंत्यात घुसून वर गेली होती आणि कात्रीतून सुटली होती.

घरी येऊन त्यांनी कात्री माझ्यापुढे टाकली. "उज्वला," म्हणाल्या, "आपुनच मारत व्हतो गं त्यांला."

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. बियांवरच्या रोपाला बालपण असतं. पुरतं वाढल्याशिवाय त्याला फूल येत नाही. काडी लावून केलेला वेल मुळातच वयात आलेला असतो, म्हणून त्याला खरडलेलं चालतं. आम्ही दरवर्षी पोराला पुन्हा पहिलीत बसवत होतो. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेंड्यावरचे मणी पिकले, त्यात बिया निघाल्या. अमोलला आयतं कारण मिळालं. एप्रिलमध्ये सुरगाण्याची टोळी छाटणीला आली, तेव्हा त्याने मुकादम सोमाला सांगितलं, "ती रांग मुळासकट काढ." सासूबाई पदर खोचून रांगेत जाऊन बसल्या. मीही जाऊन बसले.

"आई, लोक हसतात!"

"हसू दे. त्यांचे दात हायेत." मग सोमाकडे वळून म्हणाल्या, "कात्री लावायची तर आधी माझ्या हाताला लाव."

सोमाने कात्री खिशात घातली आणि टोळी घेऊन दुसऱ्या प्लॉटला निघून गेला. अमोल पावसाळाभर आम्हा दोघींशी बोलला नाही. रांग मात्र मोकाट वाढली. ऑक्टोबरला आम्ही फक्त शेंडे मारले. येणारे जाणारे म्हणायचे, गोजराबाईंचं डोकं फिरलं, सुनेचंही फिरवलं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

२००२ च्या फेब्रुवारीत बहुतेक वेलांवर घड होते. सासूबाई एका टोकाने निघाल्या. मणी चावायच्या, थुंकायच्या, पुढे जायच्या. कुठे बी, कुठे निव्वळ चिंच, कुठे नुसतं पाणी. अमोल लांब उभा होता, मग हळूहळू जवळ आला. एका वेलावर भरदार, मधासारखे गोड घड होते, बी जिभेला जाणवतसुद्धा नव्हतं. त्याने दोनतीन मणी खाल्ले आणि कितीतरी दिवसांनी हसला. "आई, याला मार्केट हाय!"

"बी हाय. बारीक हाय, पण हाय," त्या म्हणाल्या. "अन् चव थॉमसनचीच. थॉमसन आपल्याकडं हायेच की."

बांधाजवळच्या वेलाचे घड विरळ होते, मणी वाटाण्याएवढे. सासूबाईंनी एक चावला आणि डोळे मिटले. मग एक माझ्या हातावर ठेवला, एक अमोलच्या. आधी चटका, मागून गोडी, आणि दाताखाली काहीच आलं नाही. मला रडू फुटलं. अमोल आणखी एक मणी तोडून खात राहिला.

घड उतरवून झाले आणि त्यांनी कुऱ्हाड आणली. बांधाजवळचा वेल सोडून बाकीची सगळी रांग, तो गोड वेलसुद्धा, त्यांनी स्वतः तोडली. अमोल आडवा आला. "आई, इतकी वर्षं भांडलीस यांच्यासाठी! निदान त्याच्या दोन काड्या तरी ठेव!"

"ठेवलं की लोकं म्हणतील, म्हातारीनं एवढ्यासाठीच केलं व्हतं. मी एवढ्यासाठी नाय केलं."

तळहाताला फोड आले, पण कुऱ्हाड त्यांनी कुणाला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोकळ्या रांगेत दोरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या वयाची सदुसष्ट वर्षं उलटून गेली होती. "उज्वला, दुसरं टोक धर," त्यांनी हाक मारली. "चव जमली. आता मणी मोठा पायजे. हिवाळ्यात या बांधाजवळच्याचा पराग मोठ्या मण्याच्या बीवाल्या वेलाला लावू. खड्डे आत्ताच पाडून ठेवू, नायतर अमोल डॉगरिज लावून मोकळा व्हईल."

मी चप्पल घालेपर्यंत अमोल पुढे गेला होता. त्याने खाली पडलेलं दोरीचं टोक उचललं आणि बांधाकडे चालत गेला.